हरलेल्यांची मॅच

निशाचे पाय सुजले नसते, तर तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, नांदुऱ्याला झालं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं. पण पाय सुजले. उधन्याच्या डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर मोजलं, थोडं थांबून परत मोजलं आणि गाडीत बसायचं नावसुद्धा काढू नका म्हणून बजावलं. मग लेक माहेरी जायच्याऐवजी माहेरच लेकीकडे आलं. अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत निशाची आई धुरपदाबाई डिंक, खारका, आळीव आणि जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचं बोचकं घेऊन उधना स्टेशनात उतरल्या आणि बमरोलीच्या दोन खोल्यांत राहायला आल्या.

घरात दुसरं बाईमाणूस नव्हतंच. बाजीरावांची बायको सोनाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा प्रदीप पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कापड रंगवायच्या खात्यात होता. पाळी संपवून घरी आला की त्याच्या नखांवरून आज कुठला रंग चालला ते कळायचं. दिवसभर घरात तिघंच असत. निशा, तिची आई आणि सासरे बाजीराव.

बाजीराव रेल्वेतून रिटायर झालेले. उधना यार्डात पॉइंट्समन होते. गाडी कुठल्या रुळावर घालायची ते ठरवायचं काम साहेबांचं, पण ती तिथे गेली की नाही ते पाहायचं काम आपलं, असं ते सांगत. बोलणं कमी, पण जे बोलतील ते ठाम. बोललेलं चुकीचं निघालं तरी ठामपणात फरक पडत नसे.

त्यांच्यात आणि धुरपदाबाईंच्यात निशाच्या लग्नापासून बोलणं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. झालं एवढंच, की उधन्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, लग्न लागलं, आणि जेवायच्या वेळी बाजीरावांनी आधी रेल्वेचे साहेब लोक बसवले, मग आपली माणसं, मग गल्लीतली. रात्रभर गाडीत अवघडून आलेली मुलीकडची मंडळी शेवटच्या पंगतीला बसली. तोवर बुंदी संपली होती, भाजी संपली होती. भात आणि पातळ वरण उरलं होतं. धुरपदाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. वरण-भात खाल्ला, हात धुतला, जय भीम घातला आणि गाडीला गेल्या. तेव्हापासून दोघांमध्ये फक्त जय भीम उरला होता.

आता एका छपराखाली राहायचं म्हटल्यावर तेवढ्यावर भागेना. मग बोलणं निशामार्फत सुरू झालं.

"निशा, तुह्या सासऱ्याले चहा पाह्यजे का, इचार," धुरपदाबाई म्हणत.

बाजीराव हातभर अंतरावर बसलेले असत. "घेईन म्हणावं," ते निशाला सांगत.

निशा मध्ये खाटेवर पडलेली असे. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू जातंय हे तिला दिसत होतं, तरी ती बिचारी प्रत्येक वाक्य एकदा म्हणून दाखवी. निरोप तिच्या तोंडून आल्याशिवाय चहा हलत नसे.

गल्लीत केबल उखाची होती. उखा पारोळ्याकडचा, घरी अहिराणी आणि बाहेर गुजराती बोलणारा, आणि त्याचा निम्मा दिवस लोकांच्या पत्र्यांवर जायचा. त्या दिवशी तो बाजीरावांच्या पत्र्यावर वायर ओढत होता. वरूनच ओरडला, "काका, हॉकी चालू शे, देखा!"

बाजीराव सावरून बसले. तरुणपणी भुसावळला रेल्वेच्या मैदानावर त्यांनी हॉकीच्या मॅचेस उभं राहून पाहिल्या होत्या, एकदोनदा लाइनवर झेंडाही धरला होता. बाकी सगळ्या चॅनलांवर निवडणूक होती. त्यांनी बटणं दाबत दाबत हॉकी शोधून काढली आणि पाहत राहिले.

मैदान पांढरं होतं. खेळाडू गाद्या गुंडाळल्यासारखे फुगलेले होते आणि पळत नव्हते, घसरत होते. चेंडूच्या जागी एक काळी चकती होती, आणि ती कुठे आहे हे गोल झाल्यावर कळत होतं. पण हातात काठ्या होत्या, दोन्हीकडे गोल होते, तेव्हा हॉकी तर हॉकीच.

"जपानमध्ये आहे," बाजीराव निशाला म्हणाले. "थंडी असते तिकडे. मैदान गोठलंय."

निशाने मान डोलावली. स्वयंपाकाच्या खोलीच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसलेल्या धुरपदाबाईंनी मान वर करून पाहिलं आणि परत खाली घातली.

दुसऱ्या दिवशीही मैदान गोठलेलंच होतं. तिसऱ्या दिवशी एक मोठं यंत्र सावकाश फिरून बर्फावर पाणी टाकताना दिसलं, तेव्हा हे मुद्दाम चाललंय हे बाजीरावांच्या लक्षात आलं. धुरपदाबाईंना ते यंत्र फार आवडलं. मेथी बाजूला ठेवून त्या पाहायला लागल्या.

"सारवून राह्यले," त्या म्हणाल्या. निशाकडे पाहिलं, तर निशाला झोप लागली होती. वाक्य बोलून झालं होतं आणि पोचवायला कुणी नव्हतं. बाजीरावांनी थोडा वेळ वाट पाहिली.

"होय," ते टीव्हीकडे बघत म्हणाले. "दर इंटरव्हलला सारवतात."

लग्नानंतरचं दोघांमधलं पहिलं बोलणं ते एवढंच झालं.

मग रोज दुपारी तेच. निशा झोपे, उंबऱ्यावर काहीतरी निवडणं चाले आणि टीव्हीत माणसं घसरत. कॉमेंट्री इंग्रजीत होती, ती दोघांनाही सारखीच समजत नव्हती. पण पडद्याच्या कोपऱ्यात देशांची नावं तीन-तीन अक्षरांत यायची, आणि तीन अक्षरांच्या कोडवर बाजीरावांनी आयुष्य काढलं होतं. आर यू एस म्हणजे रशिया हे त्यांनी लगेच सांगितलं. सी ए एन हा रेल्वेत कन्नानूरचा कोड, पण कन्नानूरला बर्फ पडत नाही हेही त्यांना ठाऊक होतं; थोडा विचार करून त्यांनी कॅनडा म्हणून टाकलं. के ए झेड मात्र त्यांना लागेना. ते त्याला काझीच म्हणायला लागले, आणि धुरपदाबाईंनाही ते नाव बसलं.

प्रश्न होता तो वेगळाच. ही स्पर्धा चालते कशी? कोण कुणाशी खेळतं, का खेळतं आणि घरी कोण जातं? घरी येणाऱ्या गुजराती पेपरात पानंच्या पानं निवडणूक होती. खेळाच्या कोपऱ्यात क्रिकेट होतं. जपानमधल्या बर्फाबद्दल अवाक्षर नव्हतं. तेव्हा जे काही ठरवायचं ते बमरोलीतच ठरवायला लागणार होतं.

"साधं आहे," बाजीरावांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं. "हरला की संपला. गाडी यार्डात."

हे एक-दोन दिवस चाललं. मग एके दुपारी टीव्ही लावला तर पडद्यावर नवीनच माणसं. कॅनडा, अमेरिका, रशिया, स्वीडन आणि आणखी दोन. आधीच्यांतले बहुतेक गायब झालेले.

"इवाई," धुरपदाबाई म्हणाल्या. निशाला वगळून त्या व्याह्यांना पहिल्यांदाच अशी हाक मारत होत्या. "हे कोन? हे तं आधी नव्हते."

"हे मोठे आहेत," बाजीराव म्हणाले. "यांना आधी खेळावं लागत नाही. हे थेट येतात."

"मंग आधी खेळले ते कोन होते?"

"ते लहान. त्यांच्यातले जे जिंकले तेवढे आत घेतले. काझी आलाय बघा. आणि तो बी एल आर."

धुरपदाबाईंनी काझीच्या पोरांकडे थोडा वेळ पाहिलं. मग हातातली शेंग सोलत म्हणाल्या, "म्हंजे हे पह्यल्या पंगतीचे."

आवाजात राग नव्हता. शेंग सोलून त्यांनी दाणे वाटीत टाकले. बाजीराव टीव्हीकडे पाहत राहिले, पण त्यानंतर कुणी किती गोल केले ते त्यांना सांगता आलं नसतं.

उखा तेव्हा दारातच उभा होता, केबलचा डबा नीट लागलाय का बघायला आलेला. तो हसून म्हणाला, "काका, या सहा जणस्ले रिझर्वेशन शे, असं वाटस."

बाजीरावांनी तो शब्द नोकरीत पुष्कळ ऐकला होता. बहुतेक वेळा पाठीमागून.

"लहानांना मिळालं की त्याला रिझर्वेशन म्हणतात," ते म्हणाले. "मोठ्यांना असलं की नियम म्हणतात. तू वायर बघ."

उखाने वायर बघितली. धुरपदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या, आणि आपण हसलो हे लक्षात आल्यावर उठून आत गेल्या.

ती पंगत बाजीरावांच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी सामना सुरू व्हायच्या आधीच ते टीव्हीला म्हणाले, "लग्नाच्या दिवशी साहेब लोकांना लवकर जायचं होतं. त्यांची ड्यूटी होती."

"हो ना," उंबऱ्यावरून उत्तर आलं. "आमाले कुठं जायचं होतं."

बाजीरावांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

त्याच दुपारी दुसरा प्रश्न निघाला. धुरपदाबाईंनी विचारलं, "आपला इंडिया कधी येते?"

बाजीरावांनी याचा विचार केला नव्हता असं नाही. हॉकी आहे आणि भारत नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं. भारताने हॉकीत किती सुवर्णपदकं आणली होती! आता इतर मोठे देश उशिरा येतात, तर भारत त्यांच्याहून मोठा, म्हणजे त्यांच्याहून उशिरा येणार. हे इतकं सरळ होतं, की ते बोलायला लागले आणि बोलता बोलता त्यांना ते पक्कं वाटायला लागलं.

"शेवटी येणार," ते म्हणाले. "सहा जण थेट येतात तसे आपण त्याच्या पुढे थेट. आणि मतदान आलंय ना तोंडावर. पोरांना मत टाकून निघायला लागेल."

"बराबर हाये," धुरपदाबाई म्हणाल्या. "मत तं टाकलंच पाह्यजे."

त्यानंतर त्या रोज एकदा विचारत आणि बाजीराव रोज थोडं वाढवून सांगत. विमान कुठून सुटेल, बर्फावरची सवय व्हायला पोरांना काश्मीरला ठेवलं असेल, तिथून थेट जपान. प्रदीप एकदा रात्री जेवताना हे ऐकून काहीतरी बोलणार होता. निशाने त्याच्या ताटात भाकरी वाढली आणि डोळ्यांनी गप्प केलं.

काझीचं मात्र वाईट चाललं होतं. मोठ्यांच्या गटात आल्यापासून तो हरत होता. पहिला सामना हरला तेव्हा बाजीरावांनी त्याला यार्डात घातला. पण तो परत खेळायला आला आणि परत हरला. तेव्हा बाजीरावांनी नियम सुधारला: एकदा हरलं तर चालतं, दोनदा हरलं की संपलं. तिसऱ्यांदा काझी आला आणि तसाच वाईट हरला. धुरपदाबाईंना त्याच्याबद्दल माया वाटायला लागली होती. त्यांच्या मते पोरं चांगली होती, पण अंगाने कमी होती, आणि मारकुट्यांमध्ये सापडली होती.

"आता संपलं," बाजीराव म्हणाले. "आता गटातले खालचे दोन-दोन घरी. काझी, बी एल आर, अमेरिका, फिनलंड. वरचे चार राहतील. यात फरक नाही."

आणि दोन दिवसांनी टीव्ही लावला, तर समोर काझी. कॅनडाशी खेळायला उभा.

धुरपदाबाईंनी सूप खाली ठेवलं. "इवाई, हा तं गेला होता ना?"

त्या दिवशी एकामागून एक सामने लागले आणि सगळेच्या सगळे परत आले. गेलेला कुणीच नव्हता. सगळे हरले, जिंकले, आणि सगळेच पुढे आले. यार्डातल्या नोकरीत बाजीरावांनी चुकीच्या रुळावर गाडी गेलेली एकदा पाहिली होती. तेव्हाही त्यांना असंच वाटलं होतं.

"मग ते आधीचे सामने कशाला होते?" ते स्वतःलाच म्हणाले. "कुणाला काढायचंच नव्हतं, तर खेळवलं कशाला?"

"पोरगी पाह्याले येतात तसं," धुरपदाबाई म्हणाल्या. "सोयरीक आधीच ठरलेली असते. तरी पोरीले चालाले लावतात, पेपर वाचाले लावतात." जरा थांबून म्हणाल्या, "निशाले सुईत दोरा ओवाले लावला होता तुमी."

"रीत असते ती," बाजीराव म्हणाले.

"हे बी रीतच हाये मंग."

काझी त्या दिवशी हरला तो खरंच गेला. धुरपदाबाई हळहळल्या, पण फार नाही. त्यांचं म्हणणं, हरलेल्याला निदान बसवून तरी घेतलं होतं.

शुक्रवारी कॅनडाचा सामना होता. आता चारच उरले होते, आणि भारत अजून निघाला नव्हता. बाजीराव त्याविषयी बोलत नव्हते आणि धुरपदाबाई विचारत नव्हत्या. सामना बरोबरीत सुटला. वेळ वाढवला तरी बरोबरी. मग एकेक खेळाडू एकटाच चकती घेऊन समोरच्या गोलकीपरवर जायला लागला. बाजीराव पुढे सरकले. धुरपदाबाई उंबरा सोडून खोलीच्या मध्यापर्यंत आल्या होत्या.

"माय," निशा म्हणाली.

हाक मोठी नव्हती. पण धुरपदाबाई टीव्हीकडे न बघता वळल्या, लेकीच्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "इवाई, रिक्षा."

बाजीराव चप्पल न घालता धावले.

प्रसूतिगृह उधन्याला होतं, एका ट्रस्टचं. निशाला आत घेतलं, ब्लडप्रेशर मोजलं, आणि डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या की वेळ लागेल, प्रेशर वर आहे, बघू. त्या 'बघू' म्हणाल्या ते दोघांनाही आवडलं नाही. बाजीरावांनी बाहेरून प्रोसेस हाऊसला फोन केला. तिकडे यंत्रांचा एवढा गोंगाट, की प्रदीपपर्यंत निरोप गेला की नाही ते कळेना. मग ते बाहेरच्या बाकावर येऊन बसले. बाकाच्या दुसऱ्या टोकाला धुरपदाबाई. आतून मधूनमधून निशाचा आवाज यायचा, आणि तो आला की दोघंही समोरच्या भिंतीकडे पाहत. भिंतीवर कुटुंब लहान ठेवण्याबद्दल गुजरातीत लिहिलेलं होतं.

बराच वेळ गेला. आतला आवाज वाढला, मग एकदम थांबला. धुरपदाबाईंची बोटं पदराचं टोक पिळत होती.

"इवाई," त्या म्हणाल्या, "कॅनडा जितला असन का?"

बाजीरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भिंतीकडेच बघत होत्या.

"जिंकणारच," ते म्हणाले. "एकही मॅच हरलेला नाही तो."

"आन् हरला असन तं? घरी?"

"घरी. आता तरी घरीच."

"मले नाई वाटत," धुरपदाबाई म्हणाल्या. "इतके दिवस सगळ्याईले सांभाळून घेतलं. आता दोन हरतीन, त्या दोघाईची एक मॅच ठेवतीन. हरलेल्याईची."

"हरलेल्यांची मॅच कशाला? त्यातून काय मिळणार?"

"मिळत काही नाई. पन तसंच कसं पाठवतीन? जपानले येऊन."

"तसं नसतं, विहीणबाई. फायनल म्हणजे फायनल. बाकीच्यांनी गाडी धरायची."

"तुमी काझीले बी गाडी धराले लावली होती."

आतून आवाज आला, या वेळी मोठा. बाजीराव उठून उभे राहिले, परत बसले आणि जास्तच जोराने म्हणाले, "काझीची गोष्ट वेगळी होती! तो गटाचा प्रश्न होता!"

"गटाचा कसा? तुमी तं म्हटलं, यात फरक नाई!"

प्रदीप जिना चढून वर आला तो याच क्षणी. हात कोपरापर्यंत निळे, श्वास लागलेला. त्याला वाटलं होतं, दोघं रडत तरी असतील नाहीतर एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतील. आपली बायको आत कण्हतेय आणि वडील व सासूबाई हरलेल्यांना आणखी एक मॅच द्यावी की नाही यावर हातवारे करून भांडताहेत, हे बघून तो पायरीवरच थांबला.

"मामी, निशा कशी आहे?"

"आत हाये," धुरपदाबाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे एकदम भरून आले. "बघू म्हनते डॉक्टरीन."

प्रदीप आत चौकशीला गेला. दोघं पुन्हा बाकावर बसले. या वेळी मधलं अंतर थोडं कमी होतं. कुणी मोजलं नाही.

संध्याकाळ झाली, रात्र तशीच गेली. पहाटेकडे बाजीरावांनी समोरच्या टपरीवरून चहा आणला. धुरपदाबाईंनी बशीत ओतून घेतला आणि फुंकर घालता घालता म्हणाल्या, "आपला इंडिया येत नाई ना?"

"नाही," बाजीराव म्हणाले.

"मले वाटलंच."

"केव्हापासून?"

"पह्यल्या दिवसापासून. बर्फ पाह्यला तवाच."

"मग रोज विचारत का होतात?"

"तुमी चांगलं सांगत होते," त्या म्हणाल्या. "काश्मीरचं तं लय चांगलं होतं."

बाजीरावांनी चहा संपवला. मग न विचारताच बोलायला लागले. लग्नात साहेबांना ड्यूटी होती हे खरं नव्हतं. इतक्या वर्षांत साहेब आपल्या घरचं पहिल्यांदा जेवायला आले होते. त्यांना थांबवलं तर उठून जातील अशी भीती वाटली. आपल्या माणसांची तशी भीती वाटली नाही.

धुरपदाबाईंनी ऐकून घेतलं. "माहं काही नाई," त्या म्हणाल्या. "माहा भाऊ होता संग, आनंदा. तो उधन्याच्या टेसनावर फुटाने खाऊन गाडीत बसला. आन् गावात जाऊन सगळ्याईले सांगे, बुंदी अशी होती, भाजी तशी होती. आजवर सांगते. लोकं मले इचारतात, मी हो म्हनतो."

कपाच्या तळाशी चहाची पूड उरली होती, ती बाजीरावांनी झटकून टाकली. मग म्हणाले, "आनंदादादांना बोलवून घ्या. बाळ पाहायला."

"बाळ येऊ तं द्या," धुरपदाबाई म्हणाल्या.

बाळ सकाळी उन्हं वर आल्यावर आलं. मुलगी. रडली ती पण जराशी उशिराच, आणि त्या उशिरात बाकावरची तिघंही उभी राहिली होती. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, घाम पुसला, दोघी ठीक आहेत म्हणाल्या. प्रदीपने भिंतीला पाठ टेकली आणि खालीच बसला. धुरपदाबाई आत गेल्या. बाजीरावांना काय करावं ते सुचेना, म्हणून ते दुपटी आणायला घरी निघाले.

घर उघडं तसंच पडलेलं होतं, टीव्हीसुद्धा चालू. शेजारणीने दार नुसतं लोटून घेतलं होतं. बोचक्यातून दुपटी काढता काढता त्यांनी सहज मान वळवली. पांढरं मैदान होतं. कोपऱ्यात अक्षरं होती: एफ आय एन आणि सी ए एन. कालचा कॅनडा आज पुन्हा खेळत होता, आणि फायनल तर उद्या रविवारी, असं उखा म्हणाला होता. बाजीराव दुपटं हातात घेऊन उभे राहिले. काल तो हरला होता, हे त्यांना तेव्हा कळलं. आणि ही कसली मॅच, तेही कळलं.

ते ती मॅच संपेपर्यंत थांबले. मग रिक्षा करून परत उधन्याला गेले. निशा झोपली होती. धुरपदाबाई नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"विहीणबाई," बाजीराव दारातूनच म्हणाले, "ठेवली आहे. हरलेल्यांची मॅच ठेवली आहे."

"कोन खेळलं?"

"कॅनडा आणि फिनलंड."

"मंग?"

"कॅनडा हरला."

"माय वं," धुरपदाबाई म्हणाल्या. "हरलेल्याईत बी हरला?"

बाजीरावांनी मान डोलावली. यावर दोघांनाही वाईट वाटलं.

फायनल कुणी पाहिली नाही. प्रसूतिगृहात टीव्ही नव्हता आणि दोघांपैकी कुणाला घरी जावंसंही वाटलं नाही. सोमवारी उखा पेढे मागायला आला तेव्हा त्याने सांगितलं, एकच गोल झाला, सी झेड ई जिंकला, रशिया हरला. बाजीरावांना आठवलं की हाच सी झेड ई गटात याच रशियाकडून हरला होता. त्यांनी ते सांगितलं. धुरपदाबाई म्हणाल्या, तुमच्या नियमानं तो पह्यल्याच आठवड्यात यार्डात गेला असता. बाजीराव म्हणाले, नियम आपला नव्हता, अंदाज होता.

मुलीचं नाव दीप्ती ठेवलं. नाव ठेवायला आनंदा आला. फार न बोलणारा माणूस होता. जेवला, पान खाल्लं, दुपारी बाजीरावांच्या खाटेवर झोपला आणि बाजीराव खाली चटईवर झोपले.

धुरपदाबाई सव्वा महिन्याच्या बोलीवर आल्या होत्या. निशाचं प्रेशर उतरायला वेळ लागला, म्हणून एप्रिलमधली जयंती करूनच निघाल्या. बाजीराव त्यांना उधना स्टेशनवर सोडायला गेले, ओळखीच्या तिकीट तपासनीसाला सांगून खिडकीची जागा मिळवली आणि बोचकं बाकाखाली नीट सरकवलं. गाडी हलली तेव्हा धुरपदाबाईंनी खिडकीतून दिलेल्या सूचना आळीव कसे भिजवायचे याबद्दल होत्या, आणि निम्म्या रुळांच्या आवाजात गेल्या.

ते घरी आले तेव्हा निशा मोरीत कपडे धूत होती आणि दीप्ती झोळीत रडत होती. निशाचे हात फेसाने भरलेले होते. "मामा, बघता का जरा?" ती आतून म्हणाली.

प्रदीप लहान होता तेव्हा त्याला उचलायला सोनाबाई होती. त्यानंतर एवढं लहान मूल बाजीरावांनी हातात घेतलं नव्हतं. त्यांनी हात धुतले, सदऱ्याला पुसले, झोळीत वाकून नातीला उचललं आणि दोन्ही हात पुढे करून, अंगापासून जरा लांबच धरलं. ती गप्प राहिली नाही. ते दारापासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून दारापर्यंत चालायला लागले. मान कशी धरायची ते निशाने आतून सांगितलं, तसा त्यांनी हात बदलला. ती रडत राहिली, आणि ते चालत राहिले.